एका 'य'चं अंतर

या गावाचं नाव सूर.
ओमानच्या नकाशात पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं,
म्हटलं, चला, तिथे तरी सूर लागेल.
लागला नाही. बरीच वर्षं.

समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना,
रात्रपाळी, आणि तीन नंबरचा पंप
पहाटे साडेतीनला धापा टाकायला लागला.
दाबाचा काटा खाली.
मी बिलासवर वळले,
"पंप बंद का पडला? आधी का नाही सांगितलंस?"

धनकुट्याचा पोरगा, चोविशीतला.
हेल्मेट काढून छातीशी धरलं त्याने,
कुणाच्या मयताला आल्यासारखं.
"सॉरी मॅडम."
हे काही उत्तर नव्हतं.
पण मी तरी कुठे प्रश्न विचारला होता?
शेवटी प्रश्नचिन्ह होतं, एवढंच.

रिपोर्टात लिहिलं: कारण अज्ञात.
आणि सहीला नेला खलफानकडे.

खलफानचे आजोबा इथेच खाडीवर गलबतं बांधायचे,
कागदावर रेघ न मारता, लाकडाला विचारत विचारत,
असं तो म्हणतो. खरं-खोटं त्याला माहीत.
त्याने सही केली नाही. कहवा ओतला.
"त्या पोराने काय पाहिलं होतं?"
मी म्हटलं, बेअरिंग जुनं झालंय, शिवाय जाळी...
"ते तू पाहिलंस. त्याने काय पाहिलं?"
आणि मग गप्प बसला.
गप्प म्हणजे, एसीची घरघर मोजता यावी इतका.
इथे पेला हलवला की पुरे, नाहीतर भरत राहतात.
मी हलवायचं विसरले.
चौथ्या पेल्याला म्हटलं, "मला माहीत नाही."
"आता जा," तो म्हणाला.

जिना उतरताना पुटपुटत होते,
का. काय.
का. काय.
एका 'य'चं तर अंतर.
'का' म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात,
'काय' म्हटलं की खिडकीशी.
बिलासशी मी हिंदीत बोलते खरी,
पण तिथेही हाच घोळ.

तो जाळी धूत होता. शेजारी उकिडवी बसले.
"गेल्या दोन-तीन दिवसांत काय वेगळं दिसलं तुला?"
पुढची तीन वाक्यं ओठांवर तयार होती,
त्यातल्या दोनांत उत्तरही होतं.
गिळली. खाऱ्या पाण्यासारखी गेली खाली.
नळाचे थेंब मोजत राहिले. एकोणीस.

मग तो बोलला.
ड्युटीआधी किनाऱ्यावर चालतो म्हणे,
त्याच्या गावाला समुद्र नाही, म्हणून.
मंगळवारपासून वाळूत काचेसारखं काहीतरी,
आधी दोन-चार, मग घमेलंभर,
मग पाय ठेवायला जागा नाही.
"त्याचं नाव मला माहीत नव्हतं, मॅडम.
नावच माहीत नाही ती गोष्ट सांगायची कशी?"

झार. आमच्या हर्णैला झार म्हणतात.
लहानपणी त्यांच्यावरून उड्या मारल्यात मी.
आणि इथे, एसीत बसून,
कारण अज्ञात.

त्यानंतर सगळं सुधारलं असं नाही.
'का' अजून सुटतो तोंडातून,
दमले की हमखास, आणि फोनवर लेकीशी.
सुटला की मला ऐकू येतो, एवढाच फरक.
बिलास आता नव्या पोराला जाळी उघडून देतो,
विचारतो, आणि विचारून झाल्यावर
भलतीकडेच बघत बसतो, वेळ असल्यासारखा.
हे कुठून उचललं, मी विचारलेलं नाही.

खलफान मार्चअखेर निवृत्त झाला.
शेवटच्या दिवशी कहवा मी ओतला.
"उद्या सकाळी उठून पहिलं काय करशील?"
त्याने तोंड उघडलं. मिटलं.
बाहेर खाडीत भरती चढत होती,
चिखलात कलंडलेलं एक जुनं गलबत
हळूहळू उठत, सरळ होत गेलं.
पार सरळ झालं
तरी तो विचारच करत होता.
पेला मात्र त्याने हलवला नाही.